बेसचे काही सूर गडगडतात, काही गायब: १० बाय १४ च्या हॉलमध्ये सबवूफर कसा लावावा?

मध्यलय

नमस्कार मंडळी. बारा वर्षं एकाच जोडीवर गाणं ऐकतोय: ५ इंची वूफरचे दोन बुकशेल्फ स्पीकर आणि ४० वॉटचा साधा स्टिरिओ अ‍ॅम्प. आवाज मला मनापासून आवडतो. फक्त डग्ग्याचं अंग कधी पूर्ण ऐकू आलं नाही. स्पीकरच्या माहितीपत्रकात ५५ हर्ट्झपर्यंत लिहिलंय, म्हणून गेल्या महिन्यात १० इंची, बंद पेटीचा सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर) घेतला.

पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. हॉल १० फूट बाय १४ फूट, स्लॅब साडेनऊ फुटांवर. टीव्हीचा पॉइंट लांब भिंतीवर आहे, त्यामुळे स्पीकरही तिथेच, आणि समोरच्या लांब भिंतीला चिकटून सोफा. मी सोफ्याच्या बरोबर मध्ये बसतो. दुकानातून आलेल्या माणसाने सबवूफर टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला, अ‍ॅम्पच्या मागच्या टेप आउटमधून आरसीए केबल ओढली, क्रॉसओव्हर (सबवूफरने कुठपर्यंतचे सूर वाजवायचे ते बटण) १२० वर, गेन (सबवूफरचा आवाज किती ते बटण) अर्ध्यावर, फेज (त्याची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवायचं बटण) शून्यावर ठेवून गेला.

तेव्हापासून गाणं ऐकायला बसावंसं वाटत नाही. जुन्या चित्रपटगीतांतल्या बेस गिटारचा एखादा सूर असा गडगडतो की शोकेसची काच वाजते, आणि त्याच तुकड्यातला त्याहून खालचा सूर ऐकूच येत नाही. डग्ग्याची मींड वर जाताना मध्येच एका जागी फुगते. रात्री आवाज कमी केला तर गाणं बारीक होतं आणि सबवूफर तेवढाच धपधपत राहतो. सबवूफर खराब आहे का? परत करायची मुदत आठ दिवसांत संपतेय.

जुना सोल्डर

परत करू नका. निदान एक रोग तर सरळ दिसतोय.

टेप आउटचा सिग्नल व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधी निघतो. ते बटण कमी करा, जास्त करा, त्या सॉकेटवर फरक पडत नाही. म्हणून रात्री गाणं खाली जातं आणि सबवूफर जिथल्या तिथे राहतो. तो सॉकेट रेकॉर्डिंगसाठी आहे, सबवूफरसाठी कधीच वापरू नये.

तुमच्या अ‍ॅम्पला 'सब आउट' किंवा 'प्री आउट' आहे का? असेल तर तिथून जोडा. नसेल तर सबवूफरच्या मागे स्पीकरच्या वायरींचे चार टर्मिनल आहेत का बघा. त्याला हाय लेव्हल इनपुट म्हणतात.

मध्यलय

सब आउट, प्री आउट दोन्ही नाहीत. सबवूफरला चार टर्मिनल आहेत, 'हाय लेव्हल इन' असंच लिहिलंय. पण स्पीकर आणि सबवूफर दोन्ही एकाच अ‍ॅम्पवर टाकले तर अ‍ॅम्पवर भार येणार नाही का? माझा ४० वॉटचाच आहे.

जुना सोल्डर

भार येत नाही. ही भीती खूप जणांना असते म्हणून सविस्तर लिहितो. सबवूफरच्या आत स्वतःचा अ‍ॅम्प आहे, तो भिंतीतल्या प्लगवर चालतो. तुमच्या अ‍ॅम्पकडून त्याला ताकद नको, फक्त नमुना हवा. स्पीकर ४ किंवा ८ ओहमचा असतो, हाय लेव्हल इनपुटचा अडथळा हजारो ओहमचा. त्यातून जाणारा करंट जवळजवळ नाहीच. म्हणून वायरही साधी बारीक चालते, जाड महागडी घेऊ नका.

आधी दोन्ही प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पवर आहेत तशाच राहू द्या. त्याच टर्मिनलवरून आणखी एक जोडी घ्या: डावा प्लस सबवूफरच्या डाव्या प्लसला, डावा मायनस डाव्या मायनसला, उजवीकडेही तसंच. वायरीचा एकही केस बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये. अ‍ॅम्प जळतात ते अशा केसांनी.

एक सावधगिरी. अ‍ॅम्प क्लास डी किंवा ब्रिज पद्धतीचा असेल तर त्याचा मायनसही 'जिवंत' असतो. सबवूफरमध्ये डावा-उजवा मायनस आतून एकत्र असेल तर गडबड होते. अशा वेळी अ‍ॅम्पचं माहितीपत्रक बघितल्याशिवाय हात लावू नका. तुमचा बारा वर्षांचा साधा अ‍ॅम्प बहुधा क्लास एबी असेल, तरी मॉडेलचं पत्रक काढून खात्री करा.

सिनेमावेडा

जोडणी झाली की क्रॉसओव्हर सरळ ८० वर ठेवा. टीएचएक्सचा, म्हणजे सिनेमाच्या आवाजाच्या मानकाचा आकडा ८० आहे, सगळं जग तेच वापरतं.

अनुनाद

८० हा आकडा चांगला आहे, पण तो एका विशिष्ट मांडणीचा आहे. होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' केला की रिसीव्हर ८० च्या खालचं स्पीकरकडे जाऊच देत नाही, ते सगळं सबवूफरकडे वळवतो. दोघांचं काम वाटलेलं असतं. मध्यलय यांच्या जोडणीत स्पीकरला पूर्ण सिग्नल जातोय, तो आपल्या परीने ५५ पर्यंत वाजतोच. सबवूफरही ८० पर्यंत वाजला तर ५५ ते ८० हा पट्टा दोघे मिळून वाजवणार आणि तिथेच फुगवटा येणार. डग्ग्याचा घुमारा नेमका त्याच भागात आहे. इथे सबवूफर ५० ते ६० च्या आसपास तोडायला हवा. १२० वर तर पुरुषाच्या आवाजाचा खालचा भागही सबवूफरमधून येईल आणि गायक कोपऱ्यात उभा राहून गातोय असं वाटेल.

पण मध्यलय, तुमचा मोठा प्रश्न बटणांचा नाहीच, खोलीचा आहे. कागद-पेन्सिल घ्या.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक स्वर अडकून घुमतात. सर्वांत खालचा स्वर काढायला सोपं गणित: ५६२ ला फुटांतल्या अंतराने भागा. (आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ११२५ फूट, त्याचं अर्धं.) तुमच्या हॉलचे आकडे:

१४ फूट: ४० हर्ट्झ
१० फूट: ५६ हर्ट्झ
साडेनऊ फूट उंची: ५९ हर्ट्झ

बघा, ५६ आणि ५९ किती जवळ आलेत. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असली की असं होतं, आणि आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हे सर्रास आहे. आता बेस गिटारच्या तारा आठवा. ए ची मोकळी तार ५५ हर्ट्झ, सर्वांत जाड ई ची मोकळी तार ४१ हर्ट्झ. तुमच्याकडे गडगडणारा सूर ए च्या आसपासचा आणि हरवणारा ई च्या आसपासचा असणार असा माझा अंदाज आहे.

कारण असं. अडकलेला स्वर भिंतीपाशी सर्वांत मोठा आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. तुमचा सोफा मागच्या लांब भिंतीला चिकटलाय, म्हणजे ५६ तुम्हाला सर्वांत मोठा मिळतो. आणि तुम्ही १४ फुटांच्या बरोबर मध्यावर बसता, म्हणजे ४० तुम्हाला मिळतच नाही. तुम्ही ऐकायला खोलीतली सर्वांत वाईट जागा निवडली आहे, आणि बहुतेक घरांत सोफा तिथेच असतो. कोपरा तर प्रत्येक अडकलेल्या स्वराला जोर देतो. ५९ ची काळजी त्या मानाने कमी, कारण बसल्यावर कान साडेतीन फुटांवर येतात, उंचीच्या मध्यापासून फार लांब नाहीत.

मध्यलय

हे वाचून उठलो आणि तपासलं. फोनवरच्या टोन जनरेटरने ५६ लावला तर सोफ्यावर पोटात जाणवतो. ४० लावला तर काही नाही, आणि उठून बाल्कनीच्या दारापाशी, म्हणजे आखूड भिंतीशी गेलो की तोच ४० भरून येतो! बारा वर्षं या खोलीत राहतोय आणि हे माहीत नव्हतं. आता जागा कशी शोधू?

अनुनाद

रांगून. खरंच सांगतोय, यापेक्षा चांगली युक्ती नाही.

सबवूफर उचलून तुम्ही बसता त्या जागी ठेवा, जमलं तर कानाच्या उंचीवर. बेसचे सूर वरखाली फिरतात असा तुकडा पुन्हा पुन्हा लावा. मग भिंतींच्या कडेकडेने, डोकं जमिनीजवळ ठेवून हळूहळू फिरा. जिथे सगळे सूर सारख्या वजनाने ऐकू येतील तिथे खूण करा. सबवूफर त्या जागी नेला की तसाच आवाज तुम्हाला खुर्चीवर मिळेल. ऐकणारा आणि वाजवणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी मधला मार्ग तोच राहतो, त्यावर हे चालतं.

आधी बसायची जागा बदला, मग रांगा. मागच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे या आणि मध्यापासून दोन फूट बाजूला सरका. स्पीकरही तेवढेच सरकवा, म्हणजे दोन स्पीकर आणि तुम्ही यांचा त्रिकोण बिघडणार नाही. माझा तर्क सांगतो: आखूड भिंतीच्या मध्यावर सबवूफर बसेल. तिथून तो ४० ला पूर्ण जोर देईल आणि ५६ ला जवळजवळ उठवणारच नाही. पण माझ्या गणितापेक्षा तुमच्या कानावर विश्वास ठेवा, कारण दार, बाल्कनी, पॅसेज यांनी गणित थोडं हलतं.

सावंतवाडीकर

आमचं घर कौलारू, भिंती जांभ्याच्या. इथे सबवूफर कोपऱ्यातच बरा लागतो. भिंत आणि कौलं यांच्यामध्ये फट असते, वर सगळं मोकळं, त्यामुळे खालचे सूर बाहेर निघून जातात. घुमायला कोंडलेली जागाच नाही. गडगडाट नाही, पण खोली आधारही देत नाही, म्हणून गेन तुमच्यापेक्षा जास्त लागतो. पुण्याला बहिणीकडे हाच सबवूफर नेला होता, तिथे अर्ध्यावर ठेवला तरी सहन होईना.

एडिसनकर

सावंतवाडीकरांना दुजोरा. न्यू जर्सीत आमचं घर लाकडी सांगाड्याचं, भिंती जिप्सम बोर्डाच्या. खालच्या सुरांना या भिंती थरथरतात आणि बराचसा बेस गिळतात. आरसीसी आणि विटांची भिंत हलत नाही, सगळं परत फेकते. म्हणून अमेरिकन लोकांनी सांगितलेले गेनचे आकडे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटला लावू नका. आई-बाबांच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मी हीच चूक केली होती.

तिसरा मजला

मी या विषयातली जाणकार नाही, पण मला लिहायचंय. आमच्या वरच्या मजल्यावर सबवूफर आहे. गाणं ऐकू येत नाही, फक्त ठोके येतात, छतातून आणि भिंतीतून. माझ्या सासूबाई आजारी असतात, त्यांना पलंगावर ते जाणवतात. सांगायला गेलं तर वरचे लोक फोनवरचं अ‍ॅप दाखवतात की बघा, आवाज मर्यादेत आहे. मध्यलय, तुम्ही इतकं मनापासून करताय म्हणून विनंती: एकदा खाली जाऊन ऐका.

अनुनाद

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यामागे कारणही आहे. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत, २००० सालच्या, निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल मर्यादा आहे, आणि ती 'ए' मापाने. हे माप खालचे सूर फार कमी धरतं. ५० हर्ट्झचा आवाज त्यात प्रत्यक्षापेक्षा ३० डेसिबल कमी दिसतो. शिवाय फोनचा माइक इतक्या खाली नीट ऐकतच नाही. त्यामुळे अ‍ॅपवर आकडा शांत आणि तुमचा पलंग थरथरतोय, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. बेस मोजायचा तर 'सी' मापावर मोजावा, ते खालचे सूर इतके कमी धरत नाही.

रबराचे पाय किंवा फोमचा पाट ठेवल्याने पेटीची थरथर स्लॅबमध्ये जाणं कमी होतं. हवेतून भिंतीत जाणारा बेस त्याने थांबत नाही. त्याला इलाज एकच, गेन कमी.

मध्यलय

ताई, नक्की जाईन. खालच्या मजल्यावर काका-काकू आहेत, ओळख चांगली आहे.

बाकीचा वृत्तांत. पत्रक काढलं, अ‍ॅम्प क्लास एबीच आहे. हाय लेव्हलने जोडला. पहिल्याच रात्री फरक कळला: व्हॉल्यूम खाली, सबवूफरही खाली.

सोफा तसाच ठेवून वेताची खुर्ची आणली. मुलीने आणि मी मिळून रांगलो, तिला फार मजा आली. दोघांनी वेगवेगळ्या खुणा केल्या आणि दोन्ही डाव्या आखूड भिंतीच्या मध्याजवळ, चपलांच्या कपाटाशेजारी, हातभर अंतरात आल्या. अनुनाद, तुमचा तर्क तंतोतंत. सबवूफर तिथे ठेवला आणि बेस गिटारचा तो हरवलेला सूर पहिल्यांदा ऐकला. काच वाजायची थांबली.

आता फेज आणि गेन कसा लावू? शिवाय एक नवीन भानगड: टीव्ही अ‍ॅम्पला जोडला की सबवूफरमधून घूं असा आवाज येतो, गाणं बंद असलं तरी.

जुना सोल्डर

ती घूं म्हणजे आपल्या विजेचा ५० हर्ट्झ. टीव्हीला डिशची किंवा केबलची वायर येते, तिचं अर्थिंग गच्चीवर वेगळीकडे कुठेतरी लागलेलं असतं. सबवूफरचं अर्थिंग तुमच्या बोर्डातून. दोन अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो आणि तो ऑडिओ केबलच्या जाळीतून फिरतो. खात्री करायला डिशची वायर सेट टॉप बॉक्समधून काढून बघा. आवाज थांबला तर निदान पक्कं. मग टीव्हीपासून अ‍ॅम्पपर्यंत ऑप्टिकल केबल आणि एक छोटा डीएसी (डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ सिग्नल करणारी डबी) घ्या. ऑप्टिकलमध्ये तांबं नसतं, त्यामुळे फेराच तुटतो. आणि अ‍ॅम्प, टीव्ही, सबवूफर तिन्ही एकाच बोर्डवर लावा.

हात जोडून सांगतो, घूं घालवायला थ्री पिनची अर्थिंगची पिन कापू नका, किंवा टू पिनचा अ‍ॅडॅप्टर लावू नका. कोणीतरी सांगतंच की 'पिन काढा, आवाज जातो'. आवाज जातो, आणि आत कधी विजेची जिवंत तार बॉडीला लागली तर पेटीला हात लावणाऱ्याचा जीव जातो. चाळीस वर्षं रेडिओ-अ‍ॅम्प दुरुस्त केलेत, असे शॉक लागलेले लोक पाहिलेत.

अनुनाद

फेजसाठी दुसरं माणूस लागेल. मुलीला बोलवा. क्रॉसओव्हर जिथे ठेवलाय तोच टोन, समजा ५५, स्पीकर आणि सबवूफर दोन्हींतून वाजवा. सबवूफरच्या तारा मुद्दाम उलट करा, प्लसच्या जागी मायनस, डावी-उजवी दोन्हीकडे, अर्थात प्लग काढून. तुम्ही खुर्चीत बसा आणि मुलीला फेजचं बटण हळूहळू फिरवू द्या. जिथे आवाज सर्वांत बारीक होईल तिथे थांबा. आता तारा सरळ करा. उलट असताना जिथे दोघं एकमेकांना सर्वांत जास्त खात होते, सरळ केल्यावर तिथेच ते सर्वांत जास्त जुळतात. मोठ्यातला मोठा आवाज शोधण्यापेक्षा बारीकातला बारीक शोधणं कानाला सोपं जातं, म्हणून हा उलटा मार्ग. ५५ ची लाट सुमारे २० फुटांची, त्यामुळे पुढे कधी सबवूफर पाच फूट जरी हलवलात तरी फेज पुन्हा लावावा लागेल.

गेनसाठी माझी कसोटी तंबोरा. गायकाची पट्टी काळी एक असेल तर पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. पण त्या तारेत मूळ स्वर फिका आणि वरचे स्वरांश भरपूर, जवारीचं सगळं सौंदर्य त्यातच आहे. गेन जास्त असेल तर खर्ज गोल, जाड, हंड्यासारखा वाटतो आणि जवारी दबते. गेन शून्यावरून वाढवत न्या, खर्जाला अंग येईल पण तार तारच वाटेल तिथे थांबा. मग पखवाज लावा. त्याच्या डाव्या पुडीवर ओली कणीक असते, तिचा 'घे' खोल आणि लगेच थांबणारा हवा. शेपटी लांबली तर गेन अजून थोडा खाली.

हे सगळं रोज ऐकता तेवढ्याच आवाजाला करा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की आवाज जितका कमी, तितके खालचे सूर कानाला आणखी कमी लागतात. मोठ्या आवाजाला लावलेला गेन रात्री पोकळ वाटेल.

मध्यलय

दोन आठवड्यांनी लिहितोय. मित्राने मोजायचा माइक दिला, रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घातलं. तुलनेसाठी सबवूफर पुन्हा कोपऱ्यात नेऊन सोफ्यावर मोजलं: ५७ च्या आसपास १२ डेसिबलचा डोंगर आणि ४० ला खोल दरी. नवीन जागी, खुर्चीवर: डोंगर ५ वर आला, दरी बरीचशी भरली. एक पैसा न खर्चता, फक्त जागा बदलून.

उरलेल्या ५ साठी लॅपटॉपच्या प्लेअरमध्ये ५८ ला ४ डेसिबल कमी केले. राहिलेली दरी वाढवून भरायचा प्रयत्नही केला, पण ती भरत नाही, सबवूफर उगाच धापा टाकतो.

अनुनाद

भरणार नाही. डोंगर कापता येतो. दरी म्हणजे दोन लाटा एकमेकींना रद्द करताहेत. तुम्ही जितकं जास्त घालाल तितकंच जास्त रद्द होईल. तो बदल काढून टाका.

मध्यलय

काढला. ऑप्टिकल केबलने घूं गेली.

आणि ताई, खाली जाऊन आलो. रविवारी सकाळी काकांच्या घरात बसलो, बायको वरून फोनवर होती. मी रोज लावतो त्या आवाजाला त्यांच्या बेडरूममध्ये पखवाज स्पष्ट कळत होता. काका काही बोलले नव्हते, पण काकू म्हणाल्या की पहिल्या आठवड्यात त्यांना वाटलं, वर कोणीतरी कुटतंय. बायकोला गेन थोडा थोडा कमी करायला लावला, ऐकू येईनासं झालं तिथे पांढऱ्या पेनाने बटणावर खूण केली. रात्री नऊनंतर त्या खुणेच्या वर जात नाही. दहानंतर सबवूफर बंदच.

तिसरा मजला

धन्यवाद. हा धागा वरच्या मजल्यावर पाठवते आहे.

नवी सम

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझाही हॉल असाच आहे. शेवटी सगळी बटणं कुठे ठेवलीत ते एकदा सांगाल का?

मध्यलय

क्रॉसओव्हर ५५, फेज ९० च्या थोडं अलीकडे, गेनच्या बटणाची खूण दिवसा घड्याळाच्या तबकडीवर दहा असतात त्या जागी, रात्रीसाठी पांढऱ्या खुणेवर, म्हणजे तबकडीवरच्या पावणेनऊच्या जागी. पण हॉलची मापं आणि बसायची जागा आधी इथे लिहा. ५६२ ला तुमच्या फुटांनी भागलंत की काय काय येतंय?